मुलांच्या अंगणात गेलेल्या ताराबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या ह्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र द्यावे, अशी प्रथा आहे. ह्या वेळी ताराबाई मोडक ह्यांचे चरित्र लिहिताना मनात एक लहानसा प्रश्न आहे, आणि तो आपणां भगिनींपैकी ज्या ज्या लहान मुलांत वावरतात त्या साऱ्यांना ओळखीचा वाटेल.

दोन-अडीच वर्षांचे मूल नवख्या माणसापुढे आणले की ते आईच्या पदराआड दडते. नाव विचारले तर बोलत नाही, खाऊ पुढे केला तर हात मागे घेते. आपण जितके पुढे होतो तितके ते मागे सरते. अशा वेळी एखादी बाई जुन्या मोज्याची, दोन गुंड्यांचे डोळे लावलेली बाहुली हातात घालते आणि ती बाहुलीच लाजून बाईच्या खांद्याआड लपते. मग पाहावे! पदराआडचे तोंड हळूच बाहेर येते. मूल बाईकडे पाहत नाही, बाहुलीकडे पाहते. थोड्या वेळाने जे उत्तर आपल्याला मिळाले नव्हते ते बाहुलीला मिळते. हे कसे घडते? बाई तीच, आवाजही तिचाच, आणि तो तिच्याच तोंडून येतो आहे हे मुलालाही दिसत असते. तरी मूल आपल्याशी बोलत नाही आणि चिंधीच्या बाहुलीशी बोलते.

ताराबाईंचे नाव काही बाहुल्यांच्या खेळासाठी प्रसिद्ध नाही. पण मोठ्या माणसाने लहान मुलापर्यंत पोहोचावे कसे, ह्या एकाच प्रश्नाला त्यांनी आयुष्याची पन्नास वर्षे दिली. त्यांचे उत्तर समजले की बाहुलीचे कोडेही सुटते. शिवाय ते उत्तर त्यांना सापडले ते कोठे दूरदेशी नव्हे. आज बोर्डी आणि कोसबाड ही गावे पालघर जिल्ह्यात मोडतात. पण २०१४ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ती आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. तेव्हा ताराबाई आपल्या जिल्ह्याच्या, असे आपण भिवंडीकरांनी म्हणण्यास हरकत नाही.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. ज्या काळी मुलीने चार अक्षरे गिरवली तरी शेजारीपाजारी कुजबुज होत असे, त्या काळी ह्या घरात मुलींनी शिकावे, मोकळेपणी बोलावे, सभेत बसावे, ह्यात वावगे असे काही मानले जात नसे. अशा वातावरणात वाढलेल्या ताराबाईंनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. तेव्हा पदवीधर स्त्रिया इतक्या थोड्या होत्या की त्यांची नावे लोकांना पाठ असत.

पुढे त्यांचे लग्न अमरावतीचे वकील श्री. मोडक ह्यांच्याशी झाले. संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली ते दोघे कायद्याने विभक्त झाले. आज हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. पण शंभर वर्षांमागे नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी लहान मुलगी असलेली स्त्री म्हणजे समाजाच्या नजरेत काय होते, ते आपल्या आज्यांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. शिक्षण होते म्हणून ताराबाईंना स्वतःच्या पायावर उभे राहता आले. मात्र शिक्षणाने नोकरी मिळाली तरी मनाची पोकळी भरत नाही, हेही तितकेच खरे. ती त्यांनी कशाने भरली, हाच त्यांच्या पुढील चरित्राचा विषय आहे.

राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. जागा मानाची होती, पगारही चांगला होता. कोणीही म्हटले असते की बाईंचे आता मार्गी लागले. पण तेथून जवळच भावनगरला एक वेगळाच प्रयोग चालला होता आणि त्याची वार्ता ताराबाईंच्या कानी आली होती.

भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. आपल्या मुलाला कसे शिकवावे ह्या विचारात असताना त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचे पुस्तक पडले, आणि त्यांनी वकिली सोडून बालशिक्षणाचे व्रत घेतले. १९२० साली दक्षिणामूर्ती ह्या संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. तेथे छडी नव्हती, दरडावणे नव्हते, पाठांतराचा गलका नव्हता. गिजुभाई मुलांमध्ये मांडी घालून बसत, गोष्टी सांगत, त्यांच्याबरोबर नाटकात सोंगे घेत. भरघोस मिशांच्या ह्या गृहस्थाला गुजरातेत लोक कौतुकाने मिशीवाली आई म्हणू लागले.

१९२३ च्या सुमारास ताराबाईंनी राजकोटची जागा सोडली आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. मोठ्या पदावरून उठून बालमंदिरात चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसायचे, हा निर्णय काही लहान नव्हता. लोकांनी त्याला वेडेपणा म्हटले असेल तर नवल नाही. मुलांना शिकवणे हे कमी प्रतीचे काम आणि मोठ्यांना शिकवणे हे वरच्या प्रतीचे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. आणि खरे सांगावयाचे तर ती अद्याप पुरती गेलेली नाही.

भावनगरात त्यांनी काय पाहिले? माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरात, मजुरांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. मुलाला हाताने काम करू द्यावे, त्याची त्याला निवड करू द्यावी, मध्ये मध्ये लुडबुड करू नये, हे त्यांच्या पद्धतीचे सार. त्यासाठी त्यांनी लाकडी ठोकळे, मनोरे, दट्ट्या अशी मोजूनमापून केलेली साधने तयार केली. ही पद्धत गिजुभाईंनी व ताराबाईंनी मनापासून स्वीकारली, पण डोळे मिटून नव्हे. माँटेसरीबाईंचा कल्पित गोष्टींवर, पऱ्याराक्षसांवर फारसा विश्वास नव्हता. लहान मुलाला आधी खऱ्या जगाची ओळख व्हावी, असे त्यांना वाटे. आपल्याकडे मात्र मूल वाढते तेच मुळी चिऊकाऊच्या गोष्टींवर. आजीच्या मांडीवर डोके ठेवून जे मूल झोपते त्याच्याकडून गोष्ट काढून घ्यावी कशी? म्हणून भावनगरच्या बालमंदिरात गोष्टीला, गाण्याला, नाट्याला मानाची जागा मिळाली. मुले वाघ होत, ससा होत, म्हातारी होत. एरवी घुमे असलेले मूल वाघाचे सोंग घेतले की डरकाळी फोडू लागे. सोंग घेतले की भीती जाते, हे तेथे रोज दिसत होते. बाहुलीचे कोडे सोडवण्याची पहिली खूण आपल्याला येथे सापडते.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई ह्यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. शिक्षणपत्रिका हे मासिकही त्यांनी चालवले; प्रथम गुजरातीत आणि पुढे मराठीतही ते निघू लागले. त्यातील लेखन पंडितांसाठी नव्हते, आईबापांसाठी होते. मूल का रडते, हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला मारावे की नाही, अशा घरोघरच्या प्रश्नांची चर्चा सोप्या भाषेत त्यांनी केली. मूल म्हणजे लहान आकाराचे मोठे माणूस नव्हे, त्याला त्याचे स्वतःचे मन आहे, हा विचार मराठी घरांत रुजवण्याचे श्रेय फार अंशी ताराबाईंकडे जाते.

१९३६ साली त्या मुंबईस आल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिर आणि त्याला जोडून शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर, असे तिचे स्वरूप होते. पुढे १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाची सारी धुरा ताराबाईंवर आली. शिशुविहाराचे नाव झाले. सुशिक्षित पालक मुलांना हौसेने पाठवू लागले. येथेही कोणी म्हटले असते की बाईंचे कार्य आता सुस्थिर झाले, त्यांनी थोडे विसावावे.

पण त्यांच्या मनाला एक टोचणी लागली होती. माँटेसरीबाईंनी जे काम मजुरांच्या मुलांसाठी आरंभले ते आपल्या देशात येता येता श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले होते. साधनांची पेटी महाग, बालमंदिराची इमारत महाग, शिक्षिका शहरातली. ज्याच्या घरी आधीच खेळणी आहेत त्यालाच आणखी साधने मिळणार. आणि ज्याची आई उजाडता कामाला जाते, जे मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर हिंडते, त्याचे काय? १९४४-४५ च्या सुमारास गांधीजींनी नयी तालीमची व्याप्ती वाढवून अगदी लहान मुलांच्या शिक्षणाचाही विचार देशापुढे मांडला. खेड्यांतून हे शिक्षण न्यावयाचे तर ते खेड्याला परवडले पाहिजे. ताराबाईंनी हे आव्हान उचलले. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती.

१९४५ च्या डिसेंबरात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डीला आचार्य भिसे ह्यांच्यासारख्या ध्येयवादी शिक्षकांचे काम आधीपासून होते. येथेच ताराबाईंना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या, कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरूच झाला नाही. अशा ह्या दोघींनी हजारो मुलांचे घर मांडले. ताराबाईंनी दिशा दाखवावी आणि अनुताईंनी ती वाट पायांखाली घालावी, अशी ही गुरुशिष्यांची जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरीपर्यंत टिकली.

बोर्डीत पहिला धडा मुलांनी शिकवला आणि तो शिक्षिकांना शिकावा लागला. बालवाडी उघडली म्हणून सारी मुले आपण होऊन आली, असे घडले नाही. गावच्या बऱ्या घरची मुले आली, पण हरिजनवाड्यातली मुले येईनात. कोणाच्या अंगावर कपडा नाही, कोणाच्या कडेवर भावंड, कोणाला परक्या बाईची भीती. शिवाय त्यांच्या आईबापांना गावच्या भल्या इमारतीत पाऊल टाकण्याचा संकोच. दोष मुलांना देता आला असता. ह्या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, असे म्हणून गप्प बसता आले असते; असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मूल आपल्याकडे येत नाही ना, मग आपणच त्याच्याकडे का जाऊ नये?

शिक्षिका वाड्यात गेल्या. कोणाच्या घरापुढचे अंगण झाडले, सडा घातला, तेथेच बसल्या. मुलांना न्हाऊ घातले, नखे कापली, केस विंचरले आणि गाणी म्हणायला सुरुवात केली. घर पाठीशी, आई उंबऱ्यात दिसते आहे, भावंड शेजारी खेळते आहे, अशा जागी मुलाला भीती कशाची? हळूहळू मुले जमू लागली. बालवाडी अंगणात गेली म्हणून तिचे नाव अंगणवाडी पडले. आज देशातल्या खेड्यापाड्यांत जो शब्द सर्वांच्या तोंडी आहे तो असा आपल्या जिल्ह्यातल्या एका वाड्यातल्या अंगणात आकाराला आला.

साधनांचे कोडेही तेथेच सुटले. परदेशी पद्धतीच्या लाकडी पेटीवाचून मुलांचे अडत नव्हते. समुद्रकाठी शंख-शिंपले होते, रानात चिंचोके, सागरगोटे, पाने, काड्या होत्या, अंगणात माती होती. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पाने-फुले, लहानमोठे लावायला गोटे. हे सारे मुलाच्या ओळखीचे. नवख्या वस्तूला हात लावताना जे मूल बिचकते, ते आपल्या चिंचोक्याला बिचकत नाही. खर्च नाही, मोडले तरी रडू नाही, हरवले तरी रागावणे नाही. स्वस्तात झाले म्हणून हे चांगले, एवढेच त्याचे महत्त्व नव्हते; मुलाच्या जगातले होते म्हणून ते चांगले.

१९५७ साली केंद्राचे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंचे वय तेव्हा पासष्ट. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. बोर्डीच्या वाड्यात भाषा तरी आपली होती. येथे बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या, आणि शहरी माणसाविषयी पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास. सावकार, जंगलखाते, जमीनदार, ह्यांखेरीज पांढऱ्या कपड्यातले माणूस पाड्यावर येतच नसे. आले तर ते काही मागायलाच. अशा ठिकाणी मुलांनी जवळ यावे तरी का? येथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. मोठ्या बहिणीने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे आणि शेजारीच स्वतः शिकावे, अशी ती सोय. जी मुले गुरे राखायला रानात जात त्यांच्यासाठी शिक्षिकाच कुरणात जाऊ लागल्या, तिला कुरणशाळा म्हणत. दिवसा ज्यांना सवड नाही त्यांच्यासाठी रात्रशाळा. मूल जेथे असेल तेथे शाळा, हे ताराबाईंच्या साऱ्या विचारांचे सूत्र येथे पूर्णत्वास गेले.

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. मूल बाहुलीशी का बोलते? ताराबाईंच्या चरित्रातून उत्तर निघते ते असे, की मोठे माणूस आपल्या उंचीवरून खाली उतरले म्हणजे मूल वर पाहू लागते. बाहुली ही मुलाहूनही लहान असते. ती परीक्षा घेत नाही. तिला काही येत नाही, ती चुकते, ती लाजते, आणि तिला शिकवण्याचा मान मुलाला मिळतो. आपण एखाद्या मुलाला पाच पाने मोजायला सांगितली तर ती परीक्षा होते. बाहुलीने एक, दोन, चार असे चुकीचे मोजले आणि मुलाने खुदकन हसून तिला तीन हा आकडा सांगितला, तर तोच खेळ होतो. शिवाय मूल आपल्या डोळ्यांना डोळे भिडवायला बिचकते, त्याला बाहुलीच्या गुंड्यांच्या डोळ्यांकडे निर्धास्त पाहता येते. आपली भीती, आपला राग, घरातले दुःख ते स्वतःचे म्हणून सांगणार नाही; पण बाहुलीला कशाची भीती वाटते असे विचारले तर सांगेल. वाड्यातले अंगण मुलासाठी जे होते तेच हातातली बाहुली आहे: मुलाच्या ओळखीची, त्याच्या उंचीची जागा, जेथे मोठ्या माणसाने पाहुणा म्हणून यावे.

बाहुल्यांची कला आपल्या मराठी मुलखाला नवी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर लोक कळसूत्री बाहुल्यांचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. यशवंत पाध्ये ह्यांच्या अर्धवटरावाने तर घराघरांतील लहानथोरांना हसवले. पण त्या कलेला साधना लागते, दोऱ्या लागतात, आवाज बदलण्याचे कसब लागते. बालवाडीतल्या हातबाहुलीला ह्यातले काही लागत नाही. ज्या भगिनींना करून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी दोन शब्द येथे लिहिते.

जुना मोजा घ्यावा. टाचेचा भाग वर येईल असा तो हातात घालून, चार बोटे वरच्या ओठात आणि अंगठा खालच्या ओठात धरला की तोंड तयार होते. दोन गुंड्या घट्ट शिवाव्यात, नाहीतर लहान मूल त्या उपटून तोंडात घालते. लोकरीचे केस लावावेत. दुसरा प्रकार म्हणजे कापडाचा लहान झगा. त्यात तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधले बोट दोन हातांत घालावयाचे. म्हणजे बाहुलीला टाळ्या वाजवता येतात, नमस्कार करता येतो, तोंड झाकून लाजता येते. चेहरा साधा असावा. मोठे दात आणि वटारलेले डोळे पाहून लहान मुले घाबरतात. बाहुली धुता येईल अशी असावी, कारण तिचे पापे घेतले जाणार आहेत.

बाहुलीला एकदम मुलाच्या अंगावर नेऊ नये. तिने आधी दुरून पाहावे, लाजावे, आपल्या कानात काहीतरी कुजबुजावे. ती काय म्हणते हे ऐकण्यासाठी मूल आपण होऊन जवळ येते. घाबरले तर बाहुली लगेच पाठीमागे न्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. मूल बोलू लागले की आपण कमी बोलावे. बाहुलीच्या तोंडून उपदेश तर मुळीच करू नये. आम्ही मोठी माणसे गोड बाहुलीच्या तोंडूनही दात घासण्याचे भाषण सुरू करतो आणि मूल उठून जाते. आणि शेवटी बाहुली मुलाच्या हातात द्यावी. आपण धरलेल्या बाहुलीपेक्षा मुलाने स्वतः धरलेली बाहुली जास्त बोलते.

आपल्या भिवंडीला ह्याची गरज इतर गावांहून अधिक आहे. आपले गाव मागाचे. मागावर काम करायला उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून कुटुंबे आली. एका गल्लीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा चार भाषा नांदतात. गावाबाहेर वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे हंगामापुरती येतात आणि पावसाळ्यापूर्वी निघून जातात. अशा मुलांच्या घोळक्यात बसलेल्या बाईला प्रत्येकाची भाषा येणे शक्य नाही. पण बाहुली शिंकली की चारही भाषांतली मुले हसतात. ती पडली की सारी हळहळतात. तिला पाणी हवे असेल तर एक मूल पाणी म्हणते, दुसरे नीळ्ळु म्हणते, आणि बाहुली दोन्ही शब्द शिकते. बाहुलीबरोबर ती दोन मुलेही एकमेकांचा शब्द शिकतात. जी ओळख मोठ्या माणसांच्या बैठकांतून होत नाही ती येथे अशी होऊन जाते. आपल्या गावाने १९७० आणि १९८४ साली जे पाहिले ते ज्यांना आठवते, त्यांना ह्या लहानशा ओळखीचे मोल सांगावयास नको.

ताराबाईंना १९६२ साली भारत सरकारने पद्मभूषण हा किताब देऊन गौरवले. त्याआधी काही वर्षे त्यांनी मुंबई राज्याच्या विधिमंडळातही काम केले होते. पण मान आणि पदे त्यांना चिकटली नाहीत. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षांनंतर, त्यांची जीवनयात्रा संपली. त्यांच्यामागे कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ साली आपल्या अखेरीपर्यंत चालवले. ताराबाईंच्या जीवनावर रत्नाकर मतकरी ह्यांनी लिहिलेले घर तिघांचं हवं हे नाटक आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. साऱ्या जगाची मुले सांभाळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घराची कहाणी सरळ नव्हती, हे त्यातून लक्षात येते. ते लपवण्याचे कारण नाही. सगळे सुख हाती आल्यावर दुसऱ्यासाठी काही करू, असे म्हणणाऱ्यांच्या हातून बहुधा काहीच होत नाही. ताराबाईंनी आपले अपुरे आयुष्यच कामाला लावले.

त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज गावोगावी अंगणवाड्या आहेत. पोषण आहार आहे, लसीकरणाच्या नोंदी आहेत, वजनाचे काटे आहेत. हे सारे हवेच. पण नोंदवह्या भरता भरता सेविकेला मुलांत बसायला वेळ उरत नाही, ही तक्रार आपण आपल्या शेजारच्या सेविकांच्या तोंडून ऐकतो. नाव अंगणवाडीचे राहिले आणि अंगणातले ते बसणे मागे पडले, तर ताराबाईंचे अर्धे काम वाया जाईल. तेथे आपल्यासारख्या मंडळांनी हातभार लावावयाचा असतो.

म्हणून ह्या वर्धापनदिनी एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक घरात एकटा उरलेला मोजा असतोच. जोडीदार कोठे जातो ते देवाला ठाऊक! असे मोजे, उरलेली लोकर, ब्लाउजच्या सुट्या गुंड्या मंडळात आणाव्यात. दोन दुपारी बसलो तर पंचवीस-तीस बाहुल्या सहज होतील. त्या जवळच्या अंगणवाड्यांना द्याव्यात. मात्र केवळ बाहुल्या देऊन परत येऊ नये. आठवड्यातून एक तास, ज्या भगिनीला सवड असेल तिने बाहुली हातात घालून मुलांत जाऊन बसावे. मागाच्या खटखटाटात वाढणाऱ्या त्या मुलांना शांतपणे ऐकून घेणारे माणूस मिळाले, तर ती काय काय सांगतील ते ऐकून आपणच थक्क होऊ.

ताराबाईंचा पुतळा उभारावा एवढे आपल्या मंडळाजवळ धन नाही, आणि त्यांना ते रुचलेही नसते. एका लाजऱ्या मुलाने पदराआडून तोंड बाहेर काढले, एवढे जरी आपल्या हातून झाले तरी त्या थोर स्त्रीचे स्मरण आपण योग्य रीतीने केले, असे होईल.